नव्वदच्या आत

अकरा चाळीसला पडद्यावरचा आकडा चौऱ्याहत्तरवरून पंच्याहत्तरवर गेला. तो पहिल्यांदा वहिनीनं पाहिला.

एका अंशानं काय होतं? कुणी दार उघडलं, कुणी काचेजवळ जाऊन उभं राहिलं, तरी आकडा एवढा हलतो. तिनं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पुन्हा पाहिलं. पंच्याहत्तरच. आकड्याखाली गेल्या तीन दिवसांची रेष होती. इतका वेळ ती गाढ झोपलेल्या माणसासारखी आडवी पडलेली होती. आता तिनं उजवीकडचं टोक जरासं वर उचललं होतं.

चाचणीची खोली लहान. एका भिंतीला काचेच्या दाराचं कपाट, आतली हवा उन्हाळ्यातल्या बंद दिवाणखान्यासारखी पस्तीस अंशांवर धरून ठेवलेली. त्या उकाड्यात एक काळं खोकं उभं होतं. जाडी दोन बोटं, उंची हातभर. हा नवा गेम कन्सोल. त्याच्यात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा चालू होता, वादळात सापडलेलं जहाज, हजार लाटा, प्रत्येक लाटेवर विजेचा उजेड. खेळणारं कुणी नव्हतं. चिपला जास्तीत जास्त दमवायला हा प्रसंग निवडला होता, आणि जहाज तीन दिवस बुडायचं थांबलं नव्हतं.

नियम सोपा होता. बहात्तर तास खोकं उभं ठेवून चालवायचं आणि चिपचं तापमान नव्वदच्या वर जाऊ द्यायचं नाही. बहात्तर तास आज दुपारी चार वाजता भरत होते. चार वाजता मास्तर सही करणार आणि खोक्याच्या बाहेरच्या अंगाचा साचा कापायचा निरोप कारखान्याला जाणार. निरोप गेला नाही तर कारखाना ती वेळ दुसऱ्या कुणाला देणार, आणि ह्या वर्षी बाजारात कंपनीच्याच दुसऱ्या शहरातल्या चमूचं जाड, घुरघुरणारं खोकं जाणार. हे पातळ, मुकं खोकं मग फळीवर. त्याच्याबरोबर वन्संची तीन वर्षंही फळीवर.

वन्सं म्हणजे वहिनीची नणंद. ती ह्याच प्रयोगशाळेत खोक्याचं बाहेरचं अंग घडवायची, आणि भावाच्या बायकोला वहिनी म्हणायची. बघता बघता अख्खी प्रयोगशाळा तिला वहिनी म्हणायला लागली, वडिलांच्या वयाचे मास्तरसुद्धा. मग वहिनीनं सूड म्हणून नणंदेला जुन्या थाटात ‘वन्सं’ म्हणायला सुरुवात केली, अहो-जाहोसकट. तेही चिकटलं. आता फाटकावरचा रखवालदारही फोनवर विचारायचा, “वन्सं जागेवर आहेत का?”

“झालं का माहेरच्या देवाचं दर्शन?” वन्सं दार ढकलत आत आल्या. हातात खोक्याच्या पाठीचा नमुना होता, तो त्या हल्ली जेवतानाही खाली ठेवत नसत. “सकाळपासून त्या काचेपुढे बसली आहेस. एखादं फूल तरी वाहा.”

“वाहीन की. चार वाजू द्या.”

“चार वाजता मी वाहणार. तुझ्या डोक्यावर.”

वहिनी हसली. माहेर म्हणजे पीसी. हाही प्रयोगशाळेतला जुना विनोद. वहिनी दहा वर्षं पीसीवाल्यांत वाढली होती, आणि तेही साध्यासुध्या नव्हे. चिप जितक्या वेगानं चालायला बनवली त्याहून पुढे पळवायची, तापली की थंड करायची, पुन्हा पळवायची आणि आकडा जगापुढे मांडायचा, असल्या लोकांत. त्यांच्याकडूनच ती पातळ धातू शिकली होती. चिपची उष्णता तिच्यावर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यात जायला हवी, आणि दोघांच्या मध्ये हवा राहू नये म्हणून काहीतरी भरावं लागतं. सगळे जण दातांच्या पेस्टसारखी पांढरी पेस्ट भरतात. पीसीवाले हौशी लोक तिथे पाऱ्यासारखा वाहणारा धातू भरतात. उष्णता कितीतरी पटीनं लवकर निघून जाते. त्या जोरावर पंखा लहान झाला, पंखा लहान झाला म्हणून खोकं दोन बोटांचं झालं.

“माझ्या सासराला, तुमच्या कन्सोलला, माहेराशिवाय करमतं कुठं?” वहिनी म्हणाली. “चिप आमच्याकडची, तांब्याच्या नळ्या आमच्याकडच्या, पंख्याची पाती आमच्याकडची, आता धातूही आमचा.”

“आणि तुझ्या माहेरी आता खेळ दोन सेकंदांत उघडतात ते? मागच्या खोक्यात आम्ही ती वेगवान साठवण घातली तेव्हा तुमची मंडळी दात काढत होती. वर्षभरात सगळ्यांनी तशीच घेतली. कुणी आभार मानले?”

“मानले असते. पण तुमचं खोकं बंद. पत्रं टाकायला फटसुद्धा ठेवत नाही तुम्ही.”

“बंदच बरं. तुमच्याकडे तर ज्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर तो शल्यविशारद.”

वहिनी पडद्याकडे वळली. आकडा सत्त्याहत्तर झाला होता.

वन्संनीही तिकडे पाहिलं. मग त्यांनी हातातला नमुना टेबलावर ठेवला. तेवढ्यावरूनच वहिनीला कळलं की त्याही घाबरल्या.

*

जोडणीवाले काका आले. ह्यांच्या हाताला कंप माहीत नव्हता. मोहरीहून लहान भाग ते भिंगाखाली बसवत आणि कुठलाही बोर्ड पहिल्यांदा चालू करण्याआधी क्षणभर हात जोडत. त्याला कुणी हसत नसे, कारण त्यांचा बोर्ड सहसा परत येत नसे. त्यांनी कपाटातली हवा मोजली. पस्तीस. पंखा मोजला. बरोबर. विजेचा दाब पाहिला, तापमानाची तार पाहिली, दुसरी तार लावून पाहिली. दोन्ही तारा एकच सांगत होत्या.

“खोक्याला ताप आहे,” काका म्हणाले. “थर्मामीटर चांगलं आहे.”

साडेबारा. अठ्ठ्याहत्तर.

“आडवं ठेवलं होतं तेव्हा किती होतं?” काकांनी विचारलं.

“अडुसष्ट,” वहिनी म्हणाली. “बहात्तर तास अडुसष्ट. रेषेला सुरकुती नव्हती.”

“मग हे उभं राहूनच दमलंय.”

दीड वाजता मास्तर आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत कारण आधी ते शिकवत असत, आणि अजूनही उभे राहिले की फळ्यापुढे उभे आहेत असं वाटे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रेषेवर पट्टी धरली आणि पेन्सिलीनं पुढे ओढली.

“चार वाजता शहाऐंशी,” ते म्हणाले. “फार तर सत्त्याऐंशी. नव्वदच्या आत.”

“पण चढतंय कशामुळे?” वन्संनी विचारलं.

“ते मी तुम्हाला विचारायचं.” मास्तर वहिनीकडे वळले. “वहिनी?”

वहिनीनं तोंड उघडलं, तोच वन्सं बोलल्या. “नवा धातू आहे, बसत असेल. मास्तर, हिच्या घरी हाच धातू चार वर्षं चालू आहे. रोजच्या वापरात. अहवालात लिहिलंय, पान सहा. चार वर्षांत एक तक्रार नाही.” त्यांनी वहिनीच्या पाठीवर हात ठेवला. “ही उगीच लिहिणाऱ्यातली नाही.”

मास्तरांनी मान हलवली. “ते पान वाचलं म्हणून तर मी हो म्हटलं.” आणि ते गेले.

वन्संचा हात अजून पाठीवर होता. तो हात उबदार होता, आणि वहिनीला तो त्या क्षणी नको झाला. का नको झाला ते तिचं तिलाच कळलं नाही.

*

दोन वाजता तिनं मार्गिकेच्या टोकाशी, हात धुवायच्या बेसिनपाशी उभं राहून नवऱ्याला फोन लावला. तो घरून काम करायचा, नकाशे काढायचा.

“अगं, जेवलीस का?”

“जेवले. ऐक, माझा पीसी चालू कर. मोठा खेळ लाव कुठलाही आणि चिपचं तापमान सांग.”

“आत्ता? माझी नदी अर्धी काढून झाली आहे.”

“नदी पळून जात नाही. लाव.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो वाकताना कण्हला, चालू करताना काहीतरी पुटपुटला. वहिनी नळाकडे बघत राहिली. नळ गळत नव्हता, तरी ती त्याच्याकडे बघत राहिली.

“बासष्ट,” तो म्हणाला. “छान आहे ना?”

“बासष्ट? नक्की?”

“नक्की. आणि असायलाच हवं. मागच्याच महिन्यात तर तू ते परत भरलंस. वर्तमानपत्र पसरून बसली होतीस सकाळभर. माझ्या चष्म्याच्या कापडाला चंदेरी डाग पाडलास, तो अजून गेलेला नाही.”

वहिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो?”

“त्याच्या आधी कधी भरलं होतं?”

“मला काय विचारतेस? त्याच्या आधी, आपण रंग लावला त्या आठवड्यात. त्याच्या आधी आत्या राहायला आली होती तेव्हा, तिला वाटलं तू दागिने घडवतेस. दर तीन-चार महिन्यांनी उघडतेसच की. हा पीसी चालू असतो त्यापेक्षा उघडा जास्त असतो, असं मी धाकटीला, तुझ्या वन्संना, सांगतो तेव्हा ती हसते.”

“काय सांगतोस तिला?”

“हेच. तिला ती थट्टा वाटते. का गं, काही झालं का?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “तू नदी काढ.”

फोन बंद केल्यावर तिनं बोटांवर मोजलं. एक हात संपला, दुसरा संपला, मग पहिल्या हाताची दोन बोटं. चार वर्षांत बारा वेळा.

तिनं खोटं लिहिलं नव्हतं. हेच तर तिला जास्त बोचत होतं. ज्या लोकांत ती वाढली त्यांच्यात यंत्र उघडणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ओटा पुसावा तसं ते उघडतात. धूळ झटकायची, जुना धातू पुसायचा, नवा लावायचा, झाकण बसवायचं. घरातला नंदादीप चार वर्षं अखंड तेवतोय असं सांगणारा माणूस तेल किती वेळा घातलं ते मोजत नाही. तो खोटं बोलत नाही. पण त्याच्या शब्दावर विसंबून कुणी तेल न घालता दिवा लावून निघून गेला तर?

कन्सोलमध्ये तेल घालायला कुणी येत नाही. ते घरोघरी टीव्हीशेजारी उभं राहतं. कुणी आडवं करतं, पुन्हा उभं करतं, कुणी त्याच्यावर कपडे वाळत घालतं. सात वर्षं कुणी त्याचा एक स्क्रू फिरवत नाही. वहिनीचा सगळा अनुभव उघड्या बाकावर, आडव्या ठेवलेल्या बोर्डाचा होता. घरचा तिचा पीसी उभा होता खरा, पण धातू खाली सरकायला लागायच्या आत तिचं बोट तिथं पोचत होतं. ते बोट तिनं अहवालात लिहिलं नव्हतं.

आणि आता धातू खाली सरकत होता. तिला ते दिसायची गरज नव्हती. वरचा कोपरा कोरडा पडत होता, म्हणून आकडा चढत होता. खाली जिथं तो साठत होता तिथं चिपच्या कडेला मोहरीएवढ्या भागांची रांग होती. धातूमधून उष्णताच काय, वीजही धावते. एक थेंब त्या रांगेवर पडला की बोर्ड संपला.

आज नाही पडणार. चार वाजेपर्यंत शहाऐंशी. वर्षानंतर पडेल, दीड वर्षानंतर, कुठल्यातरी दिवाणखान्यात. लाखो दिवाणखान्यांत. आणि तेव्हा कुणाला कळणार की वहिनीला आज दोन वाजून वीस मिनिटांनी हे माहीत होतं? नवऱ्यानं नदी काढून संपवली असेल. त्याच्या लक्षातही राहणार नाही. बेसिनच्या आरशात फक्त तिचंच तोंड होतं. मनाच्या आत जो साक्षीदार बसलेला असतो तो मात्र कान टवकारून ऐकत होता, आणि त्याच्यापासून मार्गिकेच्या कुठल्याही टोकाला जाता येत नाही.

तिनं हात धुतले. स्वच्छ होते तरी धुतले.

*

तीन वाजायला दहा कमी. त्र्याऐंशी.

काचेपुढे वन्सं एकट्या उभ्या होत्या. खोक्याच्या पाठीच्या नमुन्यावरून अंगठा फिरवत होत्या, वरपासून खालपर्यंत, जिथं कड वळते तिथं जरा थांबून.

“हे वळण मला आठ महिने सापडत नव्हतं,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “बोट अडकायचं. मग एक मिलिमीटर काढला आतून, आणि बघ. तुझ्यामुळे काढता आला. ठोकळा खाली बसला म्हणून.”

“वन्सं.”

“बोल.”

“माझ्या घरचा धातू चार वर्षं चाललेला नाही.”

वन्संचा अंगठा थांबला.

“चाललाय, पण मी तो बदलत आले. दर तीन-चार महिन्यांनी उघडून नवा भरते. मला त्यात काही विशेष वाटलंच नाही, आम्ही सगळे तेच करतो. अहवाल लिहिताना आठवलंसुद्धा नाही. आत्ता यांना फोन केला तेव्हा कळलं.”

“किती वेळा?”

“बारा.”

“चार वर्षांत बारा वेळा.”

“हो.”

“म्हणजे एकदा भरलेला धातू जास्तीत जास्त किती टिकलेला तू पाहिला आहेस?”

“पाच महिने. त्या वर्षी मी आजारी होते.”

वन्सं खुर्चीत बसल्या. त्यांनी नमुना मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

“दादा सांगायचा,” त्या म्हणाल्या. “पीसी उघडाच असतो म्हणून. मी हसायचे.” वादळातलं जहाज काचेपलीकडे वर चढलं आणि खाली आलं. “आत काय झालं असेल?”

“खाली सरकला असेल. वरचा कोपरा कोरडा पडला असेल.”

“थांबवता येईल?”

“चिपभोवती कडं बसवावं लागेल. रबरासारखं, दबणारं. म्हणजे धातू बाहेर जाणार नाही. आणि ठोकळ्याच्या तळाला बारीक खाचा, म्हणजे धातू धरून राहील.”

“किती जागा?”

वहिनीची नजर मांडीवरच्या नमुन्यावर गेली. “एक मिलिमीटर.”

वन्सं हसल्या, पण त्या हसण्यात काही नव्हतं. “मग ऐक,” त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “चार वाजता चाचणी पास होतेय. नियम नव्वदचा आहे, आपण नव्वदच्या आत आहोत. सही होऊ दे. साचा कापू दे. तुझं कडं आपण नंतर बसवू.”

“कुठं बसवणार? तो मिलिमीटर साच्यात नाही.”

“अर्ध्या मिलिमीटरचं बसव.”

“अर्ध्यात दबलं की फाटतं.”

“तू करून पाहिलंस? नाही ना? मग फाटतं कसं म्हणतेस? चार वर्षांचं लिहिलंस तसंच हे.”

ते वहिनीला लागलं. लागायलाच हवं होतं. ती काचेला टेकून उभी राहिली.

“वन्सं, मी तोंड मिटून बसले असते तर तुम्हाला कळलंच नसतं. मी बेसिनपाशी अर्धा तास तोच विचार करत होते. पण खोकं लोकांच्या घरी जाणार, आणि त्यांच्याकडे उघडायला मी नाही.”

“माझी तीन वर्षं आहेत ही.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत नाही,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी ‘तुम्हाला’ म्हटलं. वहिनी घरात आल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदा. अहो-जाहो हे वहिनीनं लाडानं करायचं आणि वन्संनी अगं-तुगं करायचं असा दोघींचा रिवाज होता. खोलीतला उकाडा कपाटाच्या बाहेर आल्यासारखा वहिनीला वाटला. “तुम्ही इथं दोन वर्षांपूर्वी आलात. मला तेव्हा ह्या खोक्यावर वर्ष झालं होतं. तुमचा अहवाल मी मास्तरांपुढे ठेवला. ह्या बाईच्या शब्दावर जा, असं मीच त्यांना म्हणाले. आजसुद्धा म्हणाले, तुमच्यासमोर.”

“म्हणून आधी तुम्हाला सांगितलं. मास्तरांना नंतर.”

“उपकार झाले.”

वन्सं उठल्या आणि बाहेर गेल्या. दार हळूच लागलं. आपटलं असतं तर वहिनीला बरं वाटलं असतं.

*

साडेतीन. पंच्याऐंशी.

मास्तरांच्या खोलीत वहिनी उभ्यानं सगळं सांगत होती, पान सहा उघडून समोर ठेवलं होतं. तिचं झाल्यावर मास्तरांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं.

“इथं एक ओळ हवी होती,” ते म्हणाले.

“हो.”

“वहिनी, मी चाळीस वर्षं मुलांना आणि यंत्रांना तपासतोय. नापास होणाऱ्याला नापास करणं सोपं असतं. तुमचं खोकं पास होतंय. मी काय लिहू? पास झालं पण मला आवडलं नाही?”

“चाचणीच चुकीची आहे असं लिहा.”

“चाचणी मीच ठरवली.”

“माझ्या अहवालावरून ठरवलीत. बहात्तर तास पुरेत असं तुम्हाला वाटलं, कारण मी चार वर्षं लिहिली होती.”

मास्तरांनी चष्मा काढला. डोळे चोळले. घड्याळाकडे पाहिलं. त्या माणसालाही हे खोकं हवं होतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते, आणि आपल्या हातून निघालेलं शेवटचं खोकं मुकं असावं असं त्यांनी एकदा जेवताना बोलून दाखवलं होतं.

“तुमची नणंद काय म्हणते?”

“त्यांना राग आलाय.”

“मी विचारलं, काय म्हणते?”

सही होऊ द्या म्हणाल्या, हे सांगणं म्हणजे चहाडी. काही नाही म्हणाल्या, हे सांगणं म्हणजे पुन्हा एक ओळ कमी लिहिणं.

“त्यांनाच विचारा,” ती म्हणाली.

दोघं चाचणीच्या खोलीकडे निघाले. मास्तर गुडघ्यामुळे हळू चालत, आणि वहिनीला त्यांच्यापुढे जाता येईना. मार्गिका एवढी लांब आहे हे तिला आजवर कळलं नव्हतं. तीन पंचेचाळीस.

दार उघडलं तर आत वन्सं होत्या आणि काका. काका टेबलावर मऊ कापड पसरत होते. भिंग, चिमटे, बारीक स्क्रू-ड्रायव्हर एका ओळीत मांडलेले. पडद्यावर शहाऐंशी. वन्सं काचेच्या दाराशी उभ्या होत्या, आणि त्यांचा हात खोक्याच्या विजेच्या बटणावर होता.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “बारा-पंधरा मिनिटं राहिलीत. ही वेळ भरली की तुमच्यापुढे पास झालेला कागद येईल. मग तुम्हाला सही करावी लागेल, आणि तुम्ही केली नाहीत तर वरचे विचारतील, का नाही केली. म्हणून मी ती भरू देत नाही.”

“खोक्याचं अंग तुमचं आहे,” मास्तर म्हणाले. “बंद केलंत तर आजची वेळ गेली.”

“गेली.”

“विचार केलात?”

“अर्धा तास केला. त्याआधी वीस मिनिटं भांडले.” त्यांनी वहिनीकडे पाहिलं नाही. “मला हे माहीत नसतं तर मी चार वाजता पेढे वाटले असते आणि सुखानं झोपले असते. आता माहीत झालं. कुणाच्या घरी ते धूर सोडेल त्या दिवशी मला त्या घरातली माणसं दिसणार. वहिनींनी सांगितलं तेव्हापासून मला दिसायलाच लागलीत ती.”

त्यांनी बटण दाबलं.

जहाज लाटेवर होतं, तिथंच पडदा काळा झाला. पंख्याचा आवाज असा कधी नव्हताच, तरी तो थांबल्यावर खोली एकदम रिकामी वाटली.

काकांनी खोकं थोडं निवू दिलं. मग तसंच उभं धरून, आडवं न करता, पाठ काढली, एकेक स्क्रू सैल केला. धातू जसा आहे तसाच दिसायला हवा होता. ठोकळा सुटताना किंचित ओला आवाज आला. काकांनी भिंगाचा दिवा लावला आणि बाजूला सरले.

वहिनीनं आधी पाहिलं. चिपचा वरचा कोपरा करडा, कोरडा, नखाएवढा. बाकी सगळं चंदेरी, आरशासारखं. आणि खालच्या कडेला, चिपच्या बाहेर, एक गोल थेंब लोंबत होता. त्याच्या खाली त्या मोहरीएवढ्या भागांची रांग. मधे केसाएवढं अंतर.

“बघा,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

वन्सं वाकल्या. खूप वेळ वाकून राहिल्या. त्यांच्या श्वासानं भिंगावर वाफ धरली, ती काकांनी पुसली.

“हा आज पडला असता?” त्यांनी विचारलं.

“आज नाही,” वहिनी म्हणाली. “कुणी खोकं उचलून दुसरीकडे ठेवलं असतं की पडला असता.”

काकांनी काचेची बारीक नळी घेऊन तो थेंब अलगद टिपला. बोर्ड वाचला. त्यांनी हात जोडले नाहीत, पण ओठ हलले.

मास्तर भिंतीवरच्या फोनपाशी गेले. चारला दोन मिनिटं होती. कारखान्यातल्या माणसाला त्यांनी नाव सांगितलं, खोक्याचा क्रमांक सांगितला आणि म्हणाले, “आमची वेळ सोडा. हो, सोडा. नाही, कुणाची चूक नाही, आम्ही नीट पाहिलं नव्हतं, एवढंच.” मग त्यांनी फोन वन्संपुढे धरला. “त्या दुसऱ्या चमूला कळवायला हवं, त्यांचं खोकं जातंय. मी कळवू का?”

“मी कळवते,” वन्सं म्हणाल्या.

त्यांनी कळवलं. आवाज एकदाच फुटला, ‘अभिनंदन’ म्हणताना, आणि त्यांनी तो खोकल्यात घालवला. फोन ठेवून त्या टेबलापाशी आल्या. व्हर्नियर उचलली, चिपच्या कडेपासून त्या भागांच्या रांगेपर्यंतचं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं.

“कडं कशाचं करायचं?” त्यांनी विचारलं.

“मला अजून माहीत नाही,” वहिनी म्हणाली. “तीन-चार प्रकारचे फोम आणून दाबून बघावे लागतील.”

“किती दिवस उभं ठेवायचं?”

“वर्षभर तरी. मधे उघडायचं नाही.”

“तुला राहवेल?”

“काकांकडे स्क्रू-ड्रायव्हर देऊन ठेवते.”

“सगळे दे,” वन्सं म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून रेखाटन उघडायला बसल्या. पाठीचं ते वळण पडद्यावर आलं. त्यांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग आतली रेष धरली आणि बाहेर ओढायला लागल्या.